माती, हुमणी आणि सप्टेंबरची पेरणी: हॅल्टनमधल्या एका लॉनचं प्रकरण

टोरोंटोच्या पश्चिमेला, ओंटारिओ प्रांतातल्या हॅल्टन भागात, २००० नंतर भराभर वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका वसाहतीतलं हे घर. पुढे ७० आणि मागे १३० चौरस मीटर गवताची जागा. कुटुंब मराठी: नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि त्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याहून राहायला आलेले नवऱ्याचे वडील. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. आयुष्यभर जिरायत रानात ज्वारी आणि थोडाफार ऊस केलेला माणूस. या प्रकरणात माझं शेतकीचं शिक्षण आणि इथला बागकामाचा व्यवसाय जेवढा उपयोगी पडला, तेवढाच अण्णांचा हात आणि डोळाही पडला.

घर घेतल्यापासून दर मे महिन्यात ठरलेला क्रम असायचा. दुकानातून बियाण्याची पिशवी आणायची, उघड्या जागी फेकायची, वर खत टाकायचं, पाणी मारायचं. जूनमध्ये पोपटी कोंब दिसायचे, घरात आनंद व्हायचा, आणि जुलै सरता सरता सगळं करपून जायचं. मध्ये एकदा एका कंपनीकडून समोरच्या भागात सॉडच्या, म्हणजे मातीसकट कापून आणलेल्या तयार गवताच्या, गुंडाळ्या अंथरून घेतल्या होत्या. दोन वर्षांत त्याही विरळ झाल्या. न्यू जर्सीच्या नातेवाइकांनी सांगितलं म्हणून चुनाही टाकून झाला होता. पैसे जात होते, शनिवार-रविवार जात होते, आणि शेवटी दोघांनी नाद सोडून दिला होता. त्यानंतर दोन वर्षं फक्त मशीन फिरायचं, तेही अगदी खाली लावून, म्हणजे लवकर पुन्हा कापावं लागू नये.

मी पाहायला गेले ती ऑगस्टच्या मध्यावर. समोर निम्म्याहून कमी जागेत गवत उरलं होतं. बाकी डँडेलियन, रुंद पानांचं प्लँटेन आणि ब्लॅक मेडिक. मागे कुंपणालगतच्या भागात वसंतात रकून आणि स्कंक या रात्री फिरणाऱ्या प्राण्यांनी गवत उकरून ठेवलेलं, ते तसंच वाळून गेलं होतं. नॉर्वे मेपलच्या झाडाखाली नुसती माती. आणि फूटपाथ व रस्ता यांच्यामधली पट्टी जवळजवळ मेलेली.

तपासणी

तणांकडे आपण शत्रू म्हणून पाहतो, पण निदानाला त्यांच्यासारखा साक्षीदार नाही. प्लँटेन हे इसबगोलाच्या कुळातलं झाड. जमीन तुडवून घट्ट झाली की गवताची मुळं गुदमरतात आणि हे मजेत पसरतं. ब्लॅक मेडिक आपल्या लसूणघासाचं भावंड. ते हवेतला नत्र (नायट्रोजन) स्वतः बांधतं, म्हणून नत्राने भुकेलेल्या जमिनीत गवताला मागे टाकतं. समोरच्या भागाची अर्धी कहाणी या दोघांनीच सांगून टाकली.

उरलेली अर्धी फावड्याने सांगितली. आदल्या दिवशी पाऊस झालेला असूनही स्क्रूड्रायव्हर दोन बोटांपलीकडे आत जाईना. मग एक चौकोनी खाप काढली. वर जेमतेम ४ सेंटिमीटर काळसर माती, आणि तिच्याखाली एकदम तपकिरी-करडी, घट्ट चिकणमाती. दोन्हींच्या मधली रेघ बोटाने दाखवता यावी इतकी स्पष्ट. गवताची मुळं त्या रेघेपर्यंत सरळ आली होती आणि तिथे आडवी वळली होती. जुलैमध्ये हे गवत का करपतं, याचं उत्तर त्या आडव्या मुळांत होतं. वरचा ४ सेंटिमीटरचा थर कडक उन्हात दोन-तीन दिवसांत सुकतो, आणि खालचं पाणी मुळांच्या हाती लागत नाही.

हे असं का होतं? हिमयुगात बर्फाच्या थरांनी मागे ठेवलेली चिकणमाती या भागात जागोजागी आहे. घरं बांधताना बिल्डर वरची सुपीक माती खरवडून बाजूला करतो, उघड्या चिकणमातीवर महिनोन्‌महिने अवजड यंत्रं फिरतात, आणि शेवटी पातळसा मातीचा थर पसरून त्यावर सॉड अंथरलं जातं. पहिली दोन वर्षं ते हिरवं दिसतं, कारण सॉड स्वतःबरोबर शेतातली थोडी माती आणि ताकद घेऊन आलेलं असतं. ती शिदोरी संपली की मूळ दुखणं वर येतं. म्हणूनच नव्याने सॉड टाकायचा पर्याय मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. त्याच कडक तळावर तिसऱ्यांदा पैसे अंथरण्यात अर्थ नव्हता.

अण्णांनी त्या चिकणमातीचं ढेकूळ हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिलं. "आमचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं," ते म्हणाले, "आपलं आपण उघडतं. ही माती उघडायचं नाव घेत नाही." नेमकं हेच. इथे जमीन उघडण्याचं थोडंफार काम हिवाळ्यातलं गोठणं-वितळणं करतं, पण तेही वरच्या थरापुरतं.

माती परीक्षणाला नमुने दिले. पुढच्या आणि मागच्या भागाचे वेगवेगळे, १० सेंटिमीटर खोलीपर्यंतचे. सामू (पीएच) आला ७.७, सेंद्रिय पदार्थ २.४ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, पालाश (पोटॅश) ठीक. म्हणजे चुन्याच्या पिशव्या वायाच गेल्या होत्या. न्यू जर्सीत बऱ्याच जमिनी आम्ल असतात, तिथे चुना टाकायचा सल्ला रास्त. पण हॅल्टनची जमीन नायगाराच्या कड्याच्या कुशीत, चुनखडी आणि डोलोमाइटचा अंश घेऊन बसलेली. ती मुळातच विम्लधर्मी. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण तो दुसऱ्या मातीसाठी होता. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत असे सल्ले एका शहरातून दुसऱ्या शहरात फार सहज फिरतात, म्हणून आग्रहाने सांगते की आधी माती तपासा, मग पिशवी उचला. घट्ट माती मोकळी करायला म्हणून जिप्समचीही चौकशी झाली. सोडियम साचलेल्या चोपण जमिनीत जिप्समचा उपयोग होतो. घरापुढच्या नि मागच्या मातीत ती अडचण नव्हती.

आता मागचं कुंपण. तिथे फावड्याने साधारण ३० सेंटिमीटरचा चौकोन तीन बाजूंनी कापला आणि गोधडी उलटावी तसा तो उलटला. मुळं जवळपास नव्हतीच, आणि मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. अण्णा मागून पुढे आले आणि बघताक्षणी म्हणाले, "अहो ताई, ही तर हुमणी!"

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी. हुमणीच ती, पण जात वेगळी. उसाच्या पट्ट्यात जी त्रास देते तिचे भुंगेरे वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. इथल्या युरोपियन चेफरचे भुंगेरे जूनच्या अखेरीस आणि जुलैत, दिवस मावळताना झाडांभोवती घोंगावतात, मग गवतात अंडी घालतात. ऑगस्टमध्ये अळ्या लहान असतात. थंडी पडेपर्यंत त्या मुळं खातात, जमीन गोठू लागली की खाली सरकतात, आणि बर्फ वितळताच परत वर येऊन मे महिन्यापर्यंत चरतात. जपानी भुंगेऱ्याची अळीही अशीच दिसते. दोघींतला फरक पाहायचा तर अळी उलटी धरायची आणि भिंगातून शेपटाच्या टोकाकडचे बारीक केस पाहायचे. जपानी भुंगेऱ्याच्या अळीत ते छोट्या व्ही आकारात असतात. चेफरच्या अळीत केसांच्या दोन समांतर ओळी असतात आणि शेवटी त्या फाकतात. आमच्या चौकोनात ९ अळ्या मिळाल्या, सगळ्या चेफरच्या. एवढ्या जागेत ५ ते १० च्या पुढे गेल्या की कमजोर गवत तग धरत नाही, असं इथे मानतात. रकून आणि स्कंक यांचा राग घरच्यांना फार होता. ते बिचारे या अळ्याच शोधत होते.

हंगामाचा प्रश्न

माती, नत्र आणि हुमणी ही कारणं कळली तरी मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते चौथं कारण. पेरणीचा महिनाच चुकत होता.

थंड हवामानातली लॉनची गवतं, म्हणजे केंटकी ब्लूग्रास, बारमाही रायग्रास आणि फेस्क्यू, साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमात वाढतात. कडक उन्हात ती थांबतात. मे महिन्यात पेरलेल्या रोपाला जुलैच्या झळांआधी मुळं खोल न्यायला जेमतेम आठ-दहा आठवडे मिळतात, आणि त्याच वेळी क्रॅबग्राससारखी उन्हाळी तणं जमीन तापताच उगवून त्याच्या उरावर बसतात. ऑगस्टच्या अखेरीस पेरलं तर जमीन उबदार असते म्हणून उगवण झटपट होते, रात्री गार असतात म्हणून दव पडतं, आणि क्रॅबग्रास पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत आपोआप मरणार असतं. शिवाय पहिला उन्हाळा पाहण्याआधी रोपाला शरद आणि वसंत असे दोन गार हंगाम मिळतात.

मी हे समजावत असताना अण्णांनी मध्येच मान हलवली. "म्हणजे हे रब्बीचं पीक आहे. आणि ही पोरं दरसाल ते उन्हाळ्याच्या तोंडावर पेरतायत." मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळा जमिनीत मुरल्यावर पेरतात. गारव्यात आणि जमिनीतल्या ओलीवर ती वाढते. त्या माणसाला आणखी काही सांगायची गरज उरली नाही. त्या दिवसापासून घरात त्यांनी कामाची सूत्रं हाती घेतली, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. या देशात सुट्टीला आलेले आपले आईवडील खिडकीत बसून दिवस मोजतात. इथे एका शेतकऱ्याला त्याच्या कामाची जमीन मिळाली होती, २०० चौरस मीटरची का असेना.

या भागात पेरणीची खिडकी साधारण १५ ऑगस्ट ते २० सप्टेंबर. ब्लूग्रासला उगवायलाच दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून त्याच्यासाठी सप्टेंबरचा पहिला आठवडा ओलांडू नये, असं माझं मत.

पेरणी

तणांचा बंदोबस्त आधी. ओंटारिओत २२ एप्रिल २००९ पासून केवळ देखाव्यासाठी रासायनिक कीटकनाशकं-तणनाशकं मारायला बंदी आहे. त्यामुळे २,४-डी हे तणनाशक घरच्या लॉनवर चालत नाही. लोहयुक्त तणनाशक चालतं. रुंद पानांची तणं ते काही तासांत काळी पाडतं आणि गवत उलट जास्त हिरवं दिसतं. पण डँडेलियनचं मूळ खोल असतं, ते पुन्हा फुटतं, फवारा परत मारावा लागतो. काँक्रीटवर त्याचे गंजाचे डाग पडतात, ते सांभाळायचं. आम्ही पेरणीच्या दोन आठवडे आधी गार दिवस पाहून दाट तणांच्या जागी फवारलं. बाकीची खुरपणी अण्णांनी आणि मुलांनी पावसानंतर, जमीन मऊ असताना, मुळासकट केली. माझ्या मते ही बंदी योग्यच आहे. मुलं ज्या गवतावर लोळतात तिथे औषधांचा पहारा नको. काम थोडं वाढतं, पण दाट गवत हेच तणांवरचं खरं औषध आहे.

मग मशागत. जमिनीतून मातीच्या गुळ्या उपसून काढणारं मशीन इथे भाड्याने मिळतं. ऑगस्टच्या वाळलेल्या चिकणमातीत त्याच्या नळ्या शिरत नाहीत, वरवर खरवडतात. ओल्या जमिनीत शिरतात, पण भोकांच्या भिंती लिंपून जातात आणि आणखी घट्ट होतात. म्हणून वाफसा, म्हणजे ना ओली ना कोरडी अशी जमीन, साधणं हाच या कामाचा कणा. दोन संध्याकाळी सावकाश, खोल पाणी दिलं. पुढच्या दिवसांत अण्णा सकाळ-संध्याकाळ मूठभर माती घ्यायचे, मुठीत आवळून गोळा करायचे आणि अंगठ्याने टोचायचे. चिकटली तर "आज नाही". गोळा होऊन अंगठ्याने फुटली तेव्हा म्हणाले, "आणा मशीन." शेजारच्या दोन घरांनी मिळून ते भाड्याने घेतलं. उभं, आडवं आणि तिरकं अशा तीन फेऱ्या मारल्या. ६-७ सेंटिमीटर लांबीच्या गुळ्या लॉनभर विखुरल्या. गवत त्याआधी ५ सेंटिमीटरवर कापून, वाळका कचरा दाताळ्याने ओढून काढला होता.

त्याच संध्याकाळी सूत्रकृमी सोडले. हुमणीच्या अळीत शिरून तिला मारणारे हे सूक्ष्म जीव. महाराष्ट्रात उसाच्या हुमणीविरुद्धही ते वापरतात, त्यामुळे अण्णांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. इथे हेटेरोऱ्हॅब्डिटिस बॅक्टेरिओफोरा ही जात मिळते, फ्रिजमध्ये ठेवलेली, वापरायची अंतिम तारीख छापलेली. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते मरतात आणि कोरड्या मातीत सरकू शकत नाहीत. म्हणून सूर्य कलल्यावर, भिजवलेल्या जमिनीवर, भरपूर पाण्यातून सोडायचे आणि लगेच पुन्हा पाणी द्यायचं. मशीनच्या भोकांमुळे त्यांची खाली जायची वाट सोपी झाली. पुढचे दोन-तीन आठवडे बियाण्यासाठी जमीन ओली ठेवायचीच होती, ती ओल त्यांनाही मिळाली. लहान अळ्यांवर ते जास्त परिणामकारक ठरतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या लहानच असतात. दोन्ही कामांचा मुहूर्त असा एकच निघाला.

बियाण्याच्या पिशवीवरचा मागचा मजकूर पुढच्या चित्रापेक्षा महत्त्वाचा. स्वस्त पिशव्यांत वार्षिक रायग्रास भरलेलं असतं. ते आठवड्यात हिरवं करतं आणि हिवाळ्यानंतर उरत नाही. काही बियाण्यांवर जाड लेप असतो, म्हणजे वजनाचा मोठा हिस्सा लेपाचाच. आम्ही लेप नसलेलं मिश्रण घेतलं: ४० टक्के केंटकी ब्लूग्रास, ३० टक्के बारमाही रायग्रास, ३० टक्के बारीक पानांचं फेस्क्यू. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवून जमीन धरून ठेवतं. ब्लूग्रास उशिरा येतं, पण जमिनीखालून धुमारे पसरवून मोकळ्या जागा स्वतः भरतं. मेपलखाली फक्त बारीक फेस्क्यू. मागच्या भागात मिश्रणाबरोबर चिमूट-दोन चिमूट पांढरं क्लोव्हरही टाकलं. ते नत्र बांधतं, उन्हाळ्यात हिरवं राहतं, मधमाश्यांना फुलं देतं. लॉनमध्ये क्लोव्हर नकोच हा आग्रह मला कधीच पटला नाही. मुलं अनवाणी खेळतात, फुलं आल्यावर मधमाश्या चावतील, ही काळजी मात्र खरी, म्हणून खेळायच्या कोपऱ्यात टाकलं नाही.

प्रमाण १०० चौरस मीटरला २ किलो, अगदी उघड्या जागी ३ किलो. अर्धं बी उभ्या रेघांनी, अर्धं आडव्या रेघांनी. त्यावर चाळलेलं कंपोस्ट साधारण ८ मिलिमीटर. सगळ्या जागेला सुमारे १.६ घनमीटर लागलं. ढकलगाडीने ओढून ते पसरायला अख्खं घर राबलं. मग दाताळं उलटं करून हलक्या हाताने फिरवलं, आणि अण्णांनी पायाने बी दाबत सगळी जागा तुडवली. बी आणि माती यांची गाठ घट्ट बसली नाही तर बी पाण्यावर तरंगत राहतं, हे त्यांना सांगायला नको होतं. खत फक्त नत्राचं दिलं. स्फुरद मातीत मुबलक होता, जास्तीचा टाकला असता तर पावसाबरोबर ओढ्यांतून लेक ओंटारिओत गेला असता. १०० चौरस मीटरला अर्धा किलो नत्र हा इथला नेहमीचा हिशेब, म्हणजे २४ टक्के नत्राच्या खताचे पूर्ण जागेला सव्वाचार किलोच्या आसपास.

पाणी पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. वरचा थर सुकू द्यायचा नाही आणि डबकंही करायचं नाही. पुढे वारंवारता कमी करत, प्रत्येक वेळचं पाणी वाढवत नेलं. रायग्रास आठवड्याभरात दिसलं. ब्लूग्रासची वाट बघताना घरची सूनबाई काळजीत पडली, कारण दोन आठवडे झाले तरी मधल्या जागा उघड्याच होत्या. तिसऱ्या आठवड्यात तिथे केसांसारखी बारीक पाती उभी राहिली. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने मागच्या उतारावरचं बी वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा झालं. दुसऱ्याच दिवशी उतारावर पुन्हा बी टाकून नांग्या भरल्या.

सप्टेंबर संपताना कुंपणालगत पुन्हा एक चौकोन उलटून पाहिला. काही अळ्या जिवंत होत्या, पण काही विटकरी लाल होऊन मऊ पडलेल्या. सूत्रकृमींबरोबर अळीच्या शरीरात शिरणाऱ्या जिवाणूंमुळे हा रंग येतो. अण्णांनी त्यातली एक तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि फोटो काढून गावाकडच्या मित्रांना पाठवला.

पहिली कापणी पाती ८-९ सेंटिमीटर झाल्यावर, कोरड्या दिवशी, धार लावलेल्या पात्याने. मशीनची उंची ७ सेंटिमीटरच्या वर कायमची लावून टाकली. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, कापलेलं तिथेच पडू द्यायचं. वर्षाच्या नत्राचा चांगला हिस्सा त्यातूनच परत मिळतो. ऑक्टोबरात मेपलची पानं पडली. कोवळ्या रोपांवरची हलकेच उचलली, बाकीची मशीनने बारीक करून मुरवली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वाढ थांबलेली पण गवत अजून हिरवं असताना, नत्राचा दुसरा हप्ता दिला. तो वसंतात कामी येतो.

हिवाळा, वसंत, पुढचा उन्हाळा

हिवाळ्यात करण्यासारखं फार नसतं. गोठलेल्या गवतावरून ये-जा करायची नाही आणि ड्राइव्हवेचा बर्फ एकाच जागी रचायचा नाही. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा उत्तरेकडे जिथे तो जास्त दिवस साचून होता तिथे करड्या रंगाची वर्तुळं दिसली. ही बर्फाखालची बुरशी. हलकं दाताळं फिरवून हवा खेळू दिली, बाकी काही केलं नाही, आणि एप्रिलअखेर ती जागा भरून आली.

एप्रिलमध्ये घरातल्या सगळ्यांचे हात पुन्हा बियाण्याकडे वळू लागले. मी थांबवलं. तोवर अण्णा मंगळवेढ्याला परतले होते. ते फोनवर विचारायचे, "फुटवे किती झाले?" आणि सूनबाई वाकून एकेक रोप मोजायची. चार-पाच फुटवे दिसू लागले, मग ब्लूग्रासचे धुमारे बाजूच्या मोकळ्या मातीतून डोकं काढायला लागले. पेरणी न करताही लॉन दाट होतं, हे तिने त्या मे महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. डँडेलियन आले, पण पूर्वीच्या मानाने थोडे. लोहाचा फवारा दोनदा मारला. ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे डांबर तापतं, तिथे क्रॅबग्रास आलंच. ते बी धरायच्या आत हाताने उपटलं.

जुलैत ताण पडला. आठवड्याला २.५ सेंटिमीटर पाणी देऊन गवत हिरवं ठेवायचं की त्याला झोपू द्यायचं, असा प्रश्न होता. मी झोपू द्या म्हटलं. पाती पिवळी पडतात, पण बुडाशी असलेला कोंब काही आठवडे जिवंत राहतो. त्याला दोन-तीन आठवड्यांतून सेंटिमीटरभर पाणी पुरतं. नवरा धास्तावला होता, कारण पूर्वी हीच पिवळी छटा मरणाची असायची. या वेळी मात्र बोटाने ओढून पाहिलं तर गवत मुळांसकट घट्ट बसलेलं होतं. एका कोपऱ्यात, भर उन्हात, पिवळे डाग वेगाने पसरताना दिसले तेव्हा गवताचा रस शोषणाऱ्या चिंच बग या किड्याची शंका आली. दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत दाबून पाणी भरलं, दहा मिनिटं थांबलो. काळे-पांढरे किडे तरंगून वर आले नाहीत, म्हणजे तो नुसता दुष्काळच. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला आणि दहा-बारा दिवसांत हिरवं परतलं.

त्या ऑगस्टमध्ये कुंपणालगतच्या चौकोनात २ अळ्या मिळाल्या. स्क्रूड्रायव्हर आता पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त आत जातो. नव्या खापेत मुळं त्या जुन्या रेघेच्या खाली, भोकांतून गेलेल्या कंपोस्टच्या वाटेने, उतरलेली दिसली. एका वर्षात चिकणमाती बदलत नाही. आणखी दोन-तीन वर्षं दर शरदात भोकं पाडणं आणि कंपोस्टचा पातळ थर देणं चालू ठेवावं लागेल, आणि तसं ते चालू आहे.

मेपलखालचं फेस्क्यू जूनपर्यंत टिकलं आणि गेलं. नॉर्वे मेपलची सावली गर्द आणि मुळं अगदी वर पसरलेली. ते पाणीही पितं आणि ऊनही. तिथे पुन्हा पेरायला मी ठाम नकार दिला. आता त्या जागी ६-७ सेंटिमीटर लाकडी मल्च, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन, आहे, खोडापासून वीतभर अंतर सोडून, आणि कडेने सावलीत वाढणारी होस्टाची झाडं.

रस्त्यालगतच्या पट्टीचं काम अर्धंच झालंय. नगरपालिकेच्या गाड्या हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ सारताना ते मीठ पट्टीवर येऊन साचतं, आणि वसंतात नेमकी तिथलीच रोपं जळतात. घरच्यांनी स्वतःच्या ड्राइव्हवेवर मीठ थांबवून वाळू वापरायला सुरुवात केली, आणि एप्रिलमध्ये जमीन वितळताच पट्टीला सलग काही दिवस भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुतलं. क्षार जास्त सोसणारं टॉल फेस्क्यू पेरलं होतं, ते फूटपाथच्या बाजूने टिकलं, रस्त्याच्या कडेने हातभर गेलं. या ऑगस्टअखेर तिथे पुन्हा पेरायचं ठरलंय. त्याआधी त्या हातभर पट्टीतल्या मातीचा वेगळा नमुना क्षार आणि सोडियमसाठी प्रयोगशाळेत जाईल. जिप्सम लागलंच तर ते फक्त तिथे, आणि आकडा हातात आल्यावर.